संगणकाचे बदलते माप आणि जुने दप्तर

बालाघाटच्या रहिवाशांना ‘गेज’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. २०१५ पर्यंत गोंदियाहून ब्रॉडगेज गाडीने आलेल्या प्रवाशास नैनपूर-जबलपूरकडे जाण्यासाठी बालाघाटला उतरून नॅरोगेजची छोटी गाडी धरावी लागे. एका मार्गाच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, तर दुसऱ्याचे ७६२ मिलिमीटर. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणे अशक्यच होते. संगणकाच्या क्षेत्रातही असाच मापबदल झाला आहे. शाळा व कचेऱ्यांतील जुने संगणक बदलताना तो समजून घेणे अगत्याचे आहे.

बिट म्हणजे काय?

प्रोसेसर एका वेळी किती लांबीची संख्या हाताळतो, हे ‘बिट’ या मापाने सांगतात. इंटेल कंपनीचा १९७८ मधील ८०८६ हा प्रोसेसर १६ बिटांचा, तर १९८५ मधील ८०३८६ हा ३२ बिटांचा होता. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळे पत्ते मावतात. म्हणून अशा संगणकास साधारणतः ४ गिगाबाइटपर्यंतच स्मृती वापरता येते. ही मर्यादा ओलांडणारा, परंतु जुन्या आज्ञाही जाणणारा ६४ बिटांचा प्रोसेसर एएमडी कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणला.

काय चालते, काय चालत नाही?

येथे रेल्वेची उपमा अपुरी पडते. अशा ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ३२ बिटांची कार्यप्रणाली चालू शकते. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांची कार्यप्रणाली मात्र चालत नाही. ६४ बिटांची विंडोज ही कार्यप्रणाली ३२ बिटांच्या बहुतेक आज्ञावली चालविते. परंतु १६ बिटांच्या जुन्या आज्ञावली ती स्वीकारत नाही. छपाईयंत्र व स्कॅनर यांचे ड्रायव्हरही ६४ बिटांचेच लागतात. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांत मिळते, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे हा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही.

आभासी यंत्राचा उपयोग

नव्या संगणकाच्या आत आज्ञावलीच्या साहाय्याने दुसरा संगणक उभा करता येतो. त्यास ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजेच आभासी यंत्र म्हणतात. त्यात जुनी कार्यप्रणाली बसवून जुन्या आज्ञावली चालविता येतात. मात्र त्यासही मर्यादा आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत देवनागरी मजकुरासाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवीत असत. आभासी यंत्रात असे प्रत्यक्ष कार्ड आपोआप येत नाही. म्हणून तसा मजकूर जुने यंत्र चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे श्रेयस्कर होय.

घ्यावयाची दक्षता

जुना संगणक निकालात काढण्यापूर्वी त्यावरील आज्ञावली व जोडलेली उपकरणे यांची यादी करावी. नोंदींच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्या नव्या यंत्रावर उघडून, वाचून व छापून पाहाव्यात. ही खात्री पटल्यावरच जुने यंत्र मोडीत द्यावे. यंत्र पुन्हा विकत घेता येते; हरवलेली नोंद मिळत नाही.