रिकामी यादी

जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसत असे. कोणास आत सोडावयाचे आणि कोणास बाहेरच थांबवावयाचे, हे त्यास नेमून दिलेले असे. मुलांनो, संगणकातही असाच एक पहारा असतो. १९९३ साली विंडोज एनटी ही प्रणाली आली. तिच्यासमवेत आलेल्या एनटीएफएस नामक फाइलव्यवस्थेत प्रत्येक फाइलीस व फोल्डरास परवान्यांची यादी जोडलेली असते. अमक्याने केवळ वाचावे, तमक्याने लिहावे, तिसऱ्याने पुसूनही टाकावे, असे तीत नमूद असते. ही यादी दर वेळी नव्याने लिहावी लागत नाही. बाहेरच्या फोल्डरचे परवाने आतल्या वस्तूंस वारशाने मिळतात.

सेवेत असताना मी स्वतःच या यादीचा घोळ करून बसलो. आमच्या शाळेत निकालपत्रे ज्या संगणकावर होती, त्यावरच दुपारी विद्यार्थीही निराळ्या नावाने बसत. गुण कोणी पाहू नयेत म्हणून मी निकालाच्या फोल्डरचा वारसा बंद केला. संगणकाने विचारले, वारशाने आलेले परवाने ठेवावयाचे की काढून टाकावयाचे? मी घाईने दुसरा पर्याय निवडला. यादीत एकही नाव उरले नाही. दुसऱ्या दिवशी निकाल लावावयाचा, आणि फोल्डर लेखनिकांनाही उघडेना व मलाही!

लेखनिक म्हणाले, “सर, ‘एव्हरीवन’ हे नाव घालून सर्वांनाच पूर्ण मुभा देऊ. क्षणात काम होईल.”

काम झाले असते, यात शंका नाही. परंतु मग कोणाही मुलास आपल्या ३५ गुणांचे ७५ करता आले असते.

येथे एक मौज ध्यानात घ्या. यादी रिकामी असली, तर पहारेकरी कोणासच आत सोडत नाही. पण यादीच नसली, तर तो सर्वांनाच सोडतो. शून्य आणि अभाव यांतील हा भेद मला तरी व्याकरणाहूनही सूक्ष्म वाटला.

सुदैवाने फोल्डर मीच निर्माण केला होता. मालकास आत शिरता आले नाही, तरी यादी बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. (विंडोजच्या स्वतःच्या अनेक फाइलींची मालकी मात्र ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या सेवेकडे असते, त्यांच्या यादीशी खेळणे बरे नव्हे.) फोल्डरवर माऊसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, तेथून ‘सिक्युरिटी’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ असे जाऊन मी वारसा पुन्हा सुरू केला. मूळ परवाने परत आले. पण त्यांबरोबर विद्यार्थ्यांची वाटही मोकळी झाली. म्हणून वारसा दुसऱ्यांदा बंद केला. या वेळी आलेले परवाने ठेवले, त्यांतून सर्वसाधारण वापरकर्त्यांच्या ओळी तेवढ्या वगळल्या, आणि लेखनिकांचे व माझे नाव घातले. प्रणालीची व व्यवस्थापकाची नावे होती तशीच राहू दिली.

लेखनिकांनी फोल्डर उघडला. मग आम्ही विद्यार्थ्याच्या नावाने आत शिरून पाहिले. पहारेकऱ्याने मुख्याध्यापकांसही बाहेरच थांबवले.