वेचणी आणि रब्बीच्या पाण्यात घोणसापासून सांभाळा

कपाशीची वेचणी, मक्याची काढणी आणि हरभऱ्याचे पाणी ही कामे बोदवड तालुक्यात एकापाठोपाठ येतात. घोणसाशी गाठ पडते तीही याच दिवसांत. काढणीत दाणे सांडले की उंदीर वाढतात आणि उंदरांच्या मागावर घोणस बांधावर, कडब्याच्या गंजीत येतो. त्याच्या मिलनाचा काळही थंडीचाच.

ओळख : जाड अंग, त्रिकोणी डोके, तपकिरी पाठीवर साखळीसारख्या गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा. डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकतो. पण माणसाची चाहूल लागली तरी तो सहसा पळत नाही; पाचोळ्यात वेटोळे घालून पडून राहतो. म्हणून साप आपणच बाजूला होईल, या भरवशावर राहू नका.

खबरदारी

- दव उठल्यावर, नीट उजेडात वेचणी सुरू करा. खाली पडलेला कापूस उचलण्याआधी काठीने पाचोळा हलवा.
- वीज रात्रीची असेल तर गमबूट आणि बॅटरीशिवाय शेतात जाऊ नका. पाइप उचलताना, मोटारीची पेटी उघडताना आधी उजेड टाका.
- कडबा, पऱ्हाटी, सरपण घराच्या भिंतीला लावून रचू नका. पेंढी ओढण्याआधी काठीने ठोका.
- बांधावरची उंदरांची बिळे बुजवा, मात्र बिळात हात घालू नका.

दंश झाल्यास : जागा सुजते, ठणकते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ शकते. विषाने रक्त गोठणे थांबते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, कडे, जोडवी काढा, हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष मोफत मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर हे एकच औषध चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात; त्यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज करावा. पण ती वेळच येऊ नये. गमबुटाचा जोड डीएपीच्या एका गोणीपेक्षा स्वस्त पडतो. स्वतःसाठी घ्याल तेव्हा सालदारासाठीही घ्या.