गोठ्यातील पाठ

(शास्त्रभाग : नीतिसूत्रे १२:१०, अनुवाद २५:४, गणना २२:२१–३३)

कंधारकडची तांबडी गुरे व देवणी-उदगीरकडची पांढरी-काळी गुरे आमच्या वाचकांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. माळेगावच्या यात्रेत आपण त्यांचे दात, शिंगे व खूर पाहतो आणि किंमत विचारतो. ह्या पाठात त्यांचा स्वभाव पाहावा, असे आम्हांस वाटते.

दावणीला बांधलेले दोन बैल सायंकाळी काय करतात? एक मान पुढे करतो व दुसरा ती चाटतो. बैलाची जीभ स्वतःच्या मानेस व कपाळास पोहोचत नाही, आणि जू तर मानेवरच असते! जेथे ज्याचे त्याला पोहोचता येत नाही, नेमका तेथेच सोबती उपयोगी पडतो. मंडळीतील ज्या बंधूशी बांधाच्या भांडणावरून आपले बोलणे बंद आहे, त्याच्याही मानेवर जू आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपले शेजारी खांदेमळणी करतात. बैलाचे खांदे हळद लावून चोळतात. आपण बैलाची पूजा सोडली, हे योग्यच झाले. पूजा केवळ निर्माणकर्त्याची. परंतु पूजेबरोबर खांदा चोळणेही सुटले असेल, तर शलमोनाच्या वचनाशी शेजारीच अधिक प्रामाणिक राहिले, असे म्हणावे लागेल. मग आपणांस कितीही लाज वाटो.

मळणीच्या बैलास मुसके घालू नये, असा मोशेचा नियम आहे. आता बहुतेक गावी यंत्रानेच मळणी होते, म्हणून हा नियम जुना झाला असे कोणी समजू नये. पौलाने तो कष्ट करणाऱ्या मनुष्याच्या वेतनास लावला आहे (१ तीमथ्य ५:१८). ज्याच्या घरी सालगडी आहे, त्याने पाडव्याला साल संपून उचलीचा हिशेब करताना हे वचन समोर उघडून ठेवावे.

बलामाची गाढवी तर सर्वांस ठाऊक आहे. द्रष्टा म्हणविणाऱ्यास वाटेतला देवदूत दिसला नाही. तो तिला दिसला. ती वळली, म्हणून धन्याचा जीव वाचला, आणि त्याबद्दल तिला तीनदा मार मिळाला. धन्याने ज्याला हट्ट म्हटले, ती दया होती. आपल्या घरात, विशेषतः बायकामुलांच्या बाबतीत, असे कितीदा घडते?

उपदेशकांनी हा पाठ शक्य तर खांदेमळणीच्या सायंकाळी गोठ्याजवळच घ्यावा, आणि वाचन सुरू करण्यापूर्वी सर्वांस चाबूक व पराणी बाहेर ठेवण्यास सांगावे.