बांद्याच्या परसातला खांब

कोल्हापूर

चि. बाबू,

हॅम रेडिओचा परवाना तुझ्या हाती आला, हे वाचून ऊर भरून आला. आता परसात साठ फुटी टॉवर उभारायचा म्हणतोस. बाबू, तो हट्ट सोड. पंचवीस फुटी खांब घाल; मात्र दोघा-तिघांना सहज आडवा करता येईल असा घाल.

उंची कमी पडेल ही भीती नको. सात मेगाहर्ट्झची अँटेना म्हणजे दहा-दहा मीटरच्या दोन तारा. त्या खांबाच्या टोकापासून दोन बाजूंना उतरत्या बांध, पण टोकं माणसाच्या हाताला लागतील इतकी खाली नकोत. एवढ्या उंचीवरून लहरी बऱ्याचशा वरच जातात आणि आयनमंडलावरून परतून दिवसा रत्नागिरी, कोल्हापूर, पुण्यापर्यंत उतरतात. त्यांना सह्याद्री आड येत नाही. उंचीची खरी गरज १४४ मेगाहर्ट्झला, कारण त्या लहरी सरळ रेषेत जातात. ते पुढे बघू.

खांब चिऱ्याच्या गडग्याला बांधू नकोस. खड्डा खणून काँक्रीट घाल, त्यात दोन लोखंडी चॅनेल रोव आणि मधल्या बोल्टवर खांब निजेल असं कर. चार दिशांना ताण दे. तारेचं टोक माडाला बांधशील तर दोरी कप्पीतून घेऊन खाली वजन टांग. माड झुलला की वजन वरखाली होतं, तार तुटत नाही. विजेच्या तारा खांबाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब असू देत. वळीव गडगडू लागण्याआधीच केबल सेटमधून काढून घराबाहेर ठेव.

निजवण्याचा एवढा आग्रह का, तर १६ मे २०२१ आठव. तौक्ते वादळानं माड मोडले, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. वादळाआधी खांब निजवलास आणि वारा पडताच उभा केलास, तर गाडीच्या बॅटरीवरही बांद्याचा निरोप घाटापलीकडे पोचेल. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक पोर्ट ब्लेअरला केंद्र लावून बसल्या होत्या. त्सुनामी आली आणि त्याच केंद्रावरून अंदमानच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर गेले. केंद्र तयार होतं, हात सरावलेले होते, म्हणून ते जमलं.

तेव्हा खांब पावसाआधी उभा कर आणि रोज थोडं तरी बोलत जा. येत्या रविवारी सकाळी नऊला मी सात मेगाहर्ट्झवर ऐकत असेन. तार चढली की हाक मार.

तुझा,
मामा