रुईचे कुळ : फुलपाखरांचे अन्न आणि आपले

पान तोडताच पांढरा चीक ओघळणाऱ्या एका वनस्पतिसमूहाला इंग्रजीत ‘मिल्कवीड’ म्हणतात. त्याचा ‘दुधी’ असा सरळ तर्जुमा करण्याचा मोह होतो. परंतु मराठीत दुधी म्हटले की वेलीवरचा भोपळाच डोळ्यांपुढे येतो; आणि जेथे प्रश्न खाण्याचा आहे, तेथे शब्दांतली ढिलाई जिवावर बेतू शकते. म्हणून पुढील विवेचनात प्रत्येक झाडाचा निर्देश त्याच्या देशी नावानेच केला आहे.

उत्तर अमेरिकेतील एका मिल्कवीडचे कोवळे कोंब, कळ्या व कोवळ्या शेंगा तेथील आदिवासी उकडून खात आले आहेत. त्याच झाडावर मोनार्क नावाच्या फुलपाखराची अळीही पोसते. मात्र ही सोय बंगळुरात जशीच्या तशी आणता येत नाही. येथे सहज आढळणारी या कुळातील दोन झाडे म्हणजे रुई आणि हळदीकुंकू. दोन्ही विषारी आहेत. त्यांच्या चिकातील द्रव्ये हृदयाच्या गतीत बिघाड करतात. कर्नाटकात रुईला ‘एक्क’ म्हणतात आणि रथसप्तमीला तिची पाने डोक्यावर व खांद्यांवर ठेवून स्नान करतात. पोटात घेण्याची ही वस्तू नव्हे. चीक डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते, हेही ध्यानात ठेवावे.

बिबळ्या कडवा या फुलपाखराला मात्र हेच विष मानवते. काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची त्याची अळी ही पाने खाते आणि त्यांतील कडू द्रव्ये शरीरात साठवते. ती पुढे फुलपाखरातही उतरतात. एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. हे संरक्षण इतके उपयुक्त, की एका अगदी वेगळ्या जातीच्या फुलपाखराची मादी बिबळ्या कडव्याचेच रंगरूप घेऊन वावरते. तिच्या अंगी विष नसते, केवळ सोंग असते.

घरी लावण्यास हळदीकुंकू सोयीचे. मूळचे उष्ण अमेरिकेतील हे झाड कुंडीत बियांपासून सहज येते. ऊन भरपूर हवे, पाणी साचता कामा नये. एका झाडाचा फडशा पाडायला थोड्या अळ्याही पुरेशा होतात, म्हणून चार-पाच कुंड्या असाव्यात. शेंड्यांवर पिवळा मावा हटकून येतो. तो पाण्याने धुऊन काढावा. कीटकनाशक मारणे म्हणजे पाहुण्याला बोलावून त्याच्या ताटात विष वाढणे होय. शेंगा उकलण्यापूर्वी खुडाव्यात, नाहीतर रेशमी केसांवर तरंगत बिया शेजारच्या मोकळ्या जागा व्यापतात. जवळ खुळखुळा लावल्यास नर फुलपाखरे त्याच्या सुकलेल्या भागांवर जमतात. मादीला आकर्षित करणारा गंध बनवण्यासाठी लागणारी द्रव्ये त्यांना तेथे मिळतात.

फुलपाखरू आणि माणूस दोघांनाही चालणारे झाड हवे असेल, तर अनंतमुळाकडे, म्हणजेच उपळसरीकडे वळावे. या बारीक वेलीच्या अरुंद पानांवर मधल्या शिरेलगत पांढुरके पट्टे असतात. पांढऱ्या ठिपक्यांची किनार असलेले काळसर तपकिरी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते. त्याचा कोष चांदीसारखा चकाकतो. मुळांचा सुगंधी काढा साखरेच्या पाकात मिसळला की उन्हाळ्याचे सरबत होते. दक्षिणेत ते ‘नन्नारी’ या नावाने प्रसिद्ध आहे.

बंगळुरातील घरांत लोणच्यासाठी वापरतात ती मागळीची मुळे निराळ्या, पण याच कुळातल्या वेलीची. मुळाची साल काढून आतला लाकडी गाभा टाकतात आणि मांसल फोडी मीठ-मोहरीसह ताकात किंवा दह्यात मुरवतात. ही मुळे बव्हंशी जंगलातून खणून आणली जातात. मूळ गेले की वेलही गेली, आणि त्यामुळे मागळी रानांतून हटत चालली आहे. अनंतमुळाची गोष्ट वेगळी. मुळाचे तुकडे खोल कुंडीत पुरल्यास त्यांना फुटवे येतात. दोन-तीन वर्षे धीर धरावा, मग एका बाजूची माती उकरून जाड मुळे तेवढी काढून घ्यावीत आणि बाकीची पुन्हा झाकून टाकावीत.