डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांकडे केव्हा जावे?

डोक्याला मार लागणे ही गोष्ट आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात नवी नाही. पश्चिमेकडे डोंगरात उन्हाळ्याच्या दिवसांत बाळहिरडा काढण्यासाठी माणसे झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतात. पूर्वेकडे यात्रांमध्ये बैलगाड्याच्या घाटात गाडा जुंपताना बैलाचा धक्का बसतो. पुणे-नाशिक रस्त्यावर हेल्मेटवाचून मोटारसायकल पळविणारे तर बाराही महिने दिसतात. (२०१४ साली बंद झालेल्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या व मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा कायदा मान्य केला, तेव्हा घाटातली गर्दी आता हटणार नाही.) टेंगूळ येते, खोक पडली तर हळद भरतात, आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. पण थोड्या वेळा भागत नाही, आणि त्या थोड्या वेळा ओळखायच्या कशा हाच या लेखाचा विषय आहे.

कवटी ही चहूबाजूंनी बंद असलेली हाडाची पेटी होय. हातापायाला मार लागला तर सूज बाहेर येते. कवटीच्या आत रक्त साकळले तर त्याला बाहेर यायला वाटच नसते, ते मेंदूलाच दाबते. कानशिलाजवळ हे हाड पातळ असून त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. तेथे हाड तडकले की ती फाटते आणि हाड व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. सुरुवातीला मेंदू हा दाब सोसतो. माणूस उठतो, चालतो, बोलतो, चहासुद्धा पितो. मग काही मिनिटांनी किंवा काही तासांनी गुंगी येते. मधला हा बरा दिसणारा काळच फसवा असतो.

क्रिकेटच्या इतिहासात याची दुःखद नोंद आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात भारताचा माजी कसोटीपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. चेंडू डोक्यावर आदळला, तरी तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर आला. पुढे त्याची शुद्ध हरपली, शस्त्रक्रिया झाली, पण २३ तारखेला तो गेला. वय अवघे ३८. याउलट १९६२ साली बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना चेंडू लागला तेव्हा तातडीने शस्त्रक्रिया झाली. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल, तसेच आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले.

मैदानावर निदान पाहणारे शेकडो लोक असतात. आमच्या वस्तीवर कोण असते? माझे चुलते हिरड्याच्या झाडावरून दोन पुरुष उंचीवरून पडले, थोडा वेळ बसले आणि चालत घरी आले. दिवस मावळल्यावर त्यांना एक उलटी झाली. कोणी म्हणाले, ऊन बाधले. अर्ध्या तासाने दुसरी झाली. "हिरड्याचं पोतं कुठं ठिवलं?" हे त्यांनी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकूनही विसरले. शेवटची एस.टी. निघून गेली होती. जीपचे भाडे म्हणजे हिरड्याची आठवड्याची कमाई. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "आगं, तू कालेजात जातीस ना? मंग सांग, न्यायचा का सकाळी बघायचं?" घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी न्यायचे म्हणाले, ते त्या पोत्याच्या प्रश्नामुळे. रुग्णालयातून त्यांना पुण्याला पाठविले, तेथे स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला आणि शस्त्रक्रिया झाली. ते आज शेत करतात, झाडावर मात्र चढत नाहीत.

नंतर मी या विषयावर जे वाचले त्यात ग्लासगोचे टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेली गुणपद्धती मला फार आवडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हातपाय हलविण्याला ६ असे एकूण १५ गुण. जगभरचे डॉक्टर आजही तीच वापरतात. आपल्याला गुण द्यायचे नाहीत, पण पाहायच्या गोष्टी त्याच. हाक मारल्यावर डोळे नीट उघडतो का, बोलणे सुसंगत आहे का, दोन्ही हातांत सारखा जोर आहे का.

मार लागताना क्षणभरही शुद्ध गेली असेल, घडलेले आठवत नसेल, एकाहून अधिक उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढतच चालली, झटके आले, जीभ जड झाली, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली, किंवा नाकाकानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. उंचावरून पडलेल्याला, पासष्टी ओलांडलेल्याला आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला ही लक्षणे नसली तरी दाखवावे. म्हाताऱ्या माणसांत रक्त हळूहळू साकळते. पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी चालणे बिघडले किंवा बोलण्यात भ्रम आला, तर ते वयामुळेच असे धरून चालू नये. तान्हे मूल सारखे रडत असेल, दूध ओढत नसेल, तर तेही नेण्याचेच कारण.

"झोपू देऊ नका" असे आपल्याकडे सांगतात. यापैकी कोणतेच लक्षण नसेल तर झोपायला हरकत नाही. मात्र पहिला दिवस-रात्र जवळ कोणीतरी हवे. झोप आणि गुंगी यांत फरक आहे, झोपलेला हलविल्यावर जागा होऊन ओळखीचे बोलतो. मला सर्वांत धोक्याचे वाटते ते दारू प्यायलेल्याचे पडणे. "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून त्याला ओट्यावर तसाच सोडतात, आणि दारूची गुंगी कोणती व मेंदूवरच्या दाबाची कोणती हे घरच्यांना कळणे शक्यच नसते. अशाला नेलेच पाहिजे, लाज वाटली तरी.

कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, गुंगीत पाणी पाजू नये, दुखते म्हणून अॅस्पिरिन देऊ नये; त्याने रक्तस्राव वाढतो. घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये व मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट येते. रेंज नसेल तिथे एकाने टेकाडावर जाऊन फोन लावावा. निघताना कागदावर लिहून घ्यावे : किती वाजता पडला, किती उंचीवरून, शुद्ध गेली होती का, उलट्या किती व केव्हा, कोणत्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.