दादीची घंटी

मुलांनो, रात्री न्हाणीघरात पाय घसरून दादी पडल्या, तर तुम्हाला कसे कळेल? हाक मारायला बळ नसते आणि मोबाइल उशाशी राहिलेला असतो!

यासाठी मनगटावर बांधायचे बटण मिळते. ते दाबले की घरच्यांना फोन जातो. काही बटणे माणूस पडताच आपोआप सूचना देतात. पण कोणी हळूच घसरून खाली बसले, तर त्यांना ते कळेलच असे नाही. बटण पाण्यात चालते का, हे दुकानदाराला आधी विचारा. आणि फोन उचलणार कोण? अब्बा रात्रपाळीला असतील, तर पहिला नंबर शेजारच्या खालांचा ठेवा.

घरात नेहमी कोणी असेल, तर बिनतारी दारघंटीही पुरते. ती स्वस्त असते. बटण दादींजवळ, घंटी तुमच्याजवळ. न्हाणीघराचे दार लावून एकदा वाजवून पाहा.

दादी म्हणतील, "मी काय आजारी आहे?" त्यांना न विचारता आणलेले बटण खुंटीलाच राहते. म्हणून दुकानात त्यांनाही न्या.

दादी पडल्याच, तर ओढून उठवू नका. जास्त लागले असेल तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत.